अंबाजोगाई पायी हिंडताना: चढ फोटोत येतच नाही, काय करावं?

बालाघाटी
राम राम मंडळी. मूळ गाव अंबाजोगाई, नोकरी लातूरला. महिन्यातनं दोन रविवार आईकडं असतो. पहाटे उठायचं, मोबाईल खिशात टाकायचा आणि गाव पायी पालथं घालायचं, असा दोन वर्षांचा शिरस्ता आहे. योगेश्वरीच्या देवळापासून खाली जयंती नदीकडं, तिथनं हत्तीखान्याची लेणी, मग चढून परत. घरी येईस्तोवर पोटऱ्या बोलायला लागतात.

अडचण अशी की हा चढ फोटोत येतच नाही. नदीकडून वर येणारी आमच्याकडची एक गल्ली आहे. मागं धान्याचं पोतं बांधून कुणी ती सायकलवर बसून चढून दाखवावी, मी जेवण देतो. तिचे आजवर साठेक फोटो काढले असतील. सगळ्यांत ती परभणीच्या रस्त्यासारखी सपाट दिसते. परवा पुण्याच्या मेव्हण्याला दाखवले तर म्हणतो, "तुमच्या मराठवाड्यात डोंगर आहेत होय?" जेवण गोड लागलं नाही त्या दिवशी.

कॅमेरा घ्यावा का? का माझंच काही चुकू लालंय?

परभणीकर
परभणीचा रस्ता सपाट? कुठला हो? पत्ता द्या, आम्हीच फोटो काढायला जातो.

लातूरकर72
हाहाहा. बनी तो बनी, नाहीतर परभणी.

बालाघाटी, कॅमेरा घ्या पण घरात आधी विचारा. मी 2014 साली घेतला होता, त्या बॅगेत आता बायको हिवाळ्यातले मफलर ठेवते.

तिसरा_डोळा
कॅमेरा नका घेऊ. आधी एक सांगा, ते साठ फोटो काढताना फोन रस्त्याशी समांतर धरता का? चढावर उभं राहिलं की आपण नकळत रस्त्यालाच आडवी रेघ समजतो आणि फोन तेवढा कलवतो. कललेला रस्ता त्या चौकटीत सरळ बसतो. चढ गेला, उलट शेजारची घरं वाकडी झाली. मग गॅलरीतलं ते 'आपोआप सरळ करा' आपण दाबतो आणि उरलासुरला चढही पुसतो.

सेटिंगमध्ये जाऊन जाळीच्या रेघा सुरू करा. उभी रेघ घराच्या कोपऱ्याला नाहीतर विजेच्या खांबाला लावा. खांब सरळ, मग रस्ता तिरका दिसेल. डोळ्याला चढ कळतो तो शेजारी काहीतरी उभं किंवा आडवं असतं म्हणून. नुसत्या रस्त्याचा फोटो म्हणजे राखाडी पट्टा.

दुसरं, उभं कुठं राहता? गल्लीच्या तोंडाशी राहून वर बघत काढलात तर चढ तुमच्यापासून लांब पळतो. मोबाईलची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या तोडीची, म्हणजे रुंद. जवळचं मोठं करते, लांबचं बारीक. वरचं टोक, जिथं पोचताना तुमचा दम जातो, ते फोटोत नखाएवढं येतं. त्यापेक्षा गल्लीला आडवं उभं राहा, एखाद्या बोळाच्या तोंडातून. चढाची बाजू दिसली पाहिजे.

गोदाकाठी
तिसरा_डोळा यांना अनुमोदन. भर घालतो. नदीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन तिथनं झूम करून गाव काढा. घरावर घर चढलेलं दिसतं. झूमनं मागचं पुढचं जवळ येतं.

तिसरा_डोळा
गोदाकाठी, झूमनं नाही, अंतरानं. तुम्ही लांब गेलात म्हणून पुढच्या आणि मागच्या घरातला फरक कमी झाला. झूम फक्त बाकीचं कापतं. तिथनंच रुंद फोटो काढून मधला तुकडा कापला तरी घरं तशीच एकावर एक दिसतील, फक्त फोटो बारीक येईल.

गोदाकाठी
बरं. गाव दिसल्याशी मतलब.

माहूरची_वाट
चढ बघायचा तर माहूरला या. रेणुकामाता एका डोंगरावर, दत्त दुसऱ्या शिखरावर, अनसूया तिसऱ्यावर. मधे झाडी. तिथं चढ फोटोत नाही आला तर डोळे तपासा.

बालाघाटी
माहूर गाव कमी आणि रान जास्त. मला घरं, गल्ल्या, माणसं पाहिजेत. पण येणार, कबूल.

फोन तिरका धरत होतो, हे पण कबूल. आत्ता जुने फोटो उघडून बघितले. प्रत्येकात खांब दारू पिल्यासारखे.

अभियंता_निवृत्त
थोडा हिशेब. दहा फुटांला एक फूट चढणारा रस्ता पायी माणसाला जड जातो, भरलेल्या हातगाडीला फारच जड. पण त्याचा कोन निघतो जेमतेम सहा अंश. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन सहा अंशाची रेघ ओढून बघा, किरकोळ वाटते. कागदावर दिसतो त्याहून मनात चढ नेहमीच मोठा असतो. पन्नास जणांना विचारा, एकही जण सहा म्हणणार नाही, वीस-पंचवीस म्हणतील. तेव्हा मोबाईल खोटं बोलत नाही. तुमच्या पोटऱ्या वाढवून सांगतात.

परळीची_लेक
काका, माझे गुडघे पंचेचाळीस अंश म्हणतात. त्यांचं ऐकू का कोनमापकाचं?

मी परळीहून अंबाजोगाईला बऱ्याचदा येते, पंचवीसेक किलोमीटर तर आहे. मला फोटोतल्या चढाची नाही, फोटो काढू देण्याची अडचण जास्त. बाई एकटी, हातात कॅमेरा, गल्लीत हळूहळू चाललीय म्हटलं की पहिला प्रश्न "कोणत्या पेपरच्या?" दुसरा त्याहून वाईट. एकदा एका गल्लीत जुन्या वाड्याचं सागवानी दार काढत होते, तर समोरच्या ओट्यावरून एक आजोबा लगबगीनं उठले. त्यांना वाटलं मी अतिक्रमणाच्या मोजणीला आले. माझ्यादेखत त्यांनी ओट्यावरचं सिमेंटचं कुंड, दोन फरशा आणि पाण्याची टाकी आत ओढली. मी सांगतेय, आजोबा मी फोटो काढते नुसते. ते म्हणाले, "सगळे आधी असंच म्हणतात."

लातूरकर72
आजोबा अनुभवी आहेत.

काळा_पाषाण
अंबाजोगाईला जाताय तर देवळांच्या दगडाबद्दल दोन शब्द. आपला दगड काळा. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि काळा पाषाण राखुंडीसारखा करून टाकतो. हत्तीखान्यातले दगडी हत्ती मी पहिल्यांदा काढले तेव्हा सिमेंटचे दिसत होते. मोबाईलवर हत्तीवर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते जरासं खाली ओढा. दगड पुन्हा दगड होतो. चुना मारलेल्या पांढऱ्या शिखराला उलटं करायचं, वर ओढायचं.

आणि वेळ सांभाळा. दुपारी बारा ते तीन मोबाईल खिशात ठेवून घरी भाकरी खा. कोरीवकामाला उजेड बाजूनं पाहिजे, सकाळी आठच्या आत नाहीतर पाचनंतर. खोलेश्वराच्या देवळातला शिलालेख वाचायचा तर समोरून फ्लॅश मारून काही दिसत नाही, अक्षरं सपाट होतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा, अक्षर अन् अक्षर उठतं. खडू, पीठ, चुना अक्षरांत भरणाऱ्यांना माझे चार शब्द आहेत, ते इथं लिहिता येत नाहीत.

इतिहासाचा_विद्यार्थी
तो शिलालेख भारी आहे. खोलेश्वर म्हणजे सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला आणि बहिणीनं, लक्ष्मीनं, भावासाठी देऊळ उभारलं. 13व्या शतकातली गोष्ट. नाव सेनापतीचं राहिलं, बांधलं लेकीनं.

परळीची_लेक
हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला टॉर्च घेऊन जाते.

सोयरीक
हत्तीखान्याचा विषय निघालाच आहे तर ती दंतकथा सांगून टाका कुणीतरी.

बालाघाटी
सांगतो. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, कोकणातनं वऱ्हाड निघालं. मुहूर्त टळला, लग्न मोडलं आणि वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. हत्तीखान्यातले हत्ती त्याच वऱ्हाडातले म्हणतात. देवी अंबाजोगाईतच कुमारिका राहिली. कोकणस्थांची ती कुलदेवी, कोकणातनं अजून माणसं दर्शनाला येतात.

परभणीकर
मुहूर्त कामून टळला ते मला माहीताय. फोटोग्राफर म्हणाला असेल, "थांबा थांबा, एक अजून, नवरदेवाकडचे जरा हसा."

लग्नसराई
मी लग्नाचे फोटो काढतो, बावीस वर्षं झाली. मुहूर्त फोटोग्राफरमुळं टळत नाही साहेब, मामामुळं टळतो. मामा ऐन वेळेला घोडीपुढं नाचत असतो.

संयमी
मंडळी, मूळ प्रश्न चढाचा होता.

लग्नसराई
चढाचंही सांगतो. गल्लीतल्या वरातीत जे शिकलो ते. चढ रस्त्यात नसतो, चढणाऱ्यात असतो. डोक्यावर झगमगीत झाडाचा दिवा घेतलेला पोरगा वर चढताना पुढं झुकतो, उतरताना मागं रेलतो. रस्ता अर्धा कापला तरी चालेल, तो झुकलेला माणूस पूर्ण घ्या. पाठीवर सिलिंडर घेतलेला, हंडा घेतलेली बाई, दप्तराचं पोर, कुणीही.

नदीपलीकडची
आणि त्या बाईला विचारायचं का नाही? हंडा घेतलेली बाई म्हणजे तुमच्या चढाची मोजपट्टी नाही.

लग्नसराई
विचारलं की ताठ उभी राहते ना ताई. मग झुकणं गेलं.

नदीपलीकडची
गेलं तर गेलं.

तिसरा_डोळा
दोघांचंही पटतं म्हणून माझी फजिती सांगतो. एका उन्हाळ्यात एका माळवदावर एक आजी कुरडया घालत होती. साचा दाबताना मान वाकडी, जीभ जराशी बाहेर, केस सुटलेले, मागं उतरणीवरची सगळी माळवदं पायऱ्यांसारखी खाली गेलेली. न विचारता काढला. आयुष्यातल्या चांगल्या पाच फोटोंतला एक. महिन्यानं छापून द्यायला गेलो तर आजी भडकली. "डोक्यावर पदर नाही, हा काय फोटो? ह्यो माझ्या व्याह्यानं बघितला म्हंजे?" आत गेली, हिरवं लुगडं नेसून आली, खुर्ची मागवली, खुर्चीवर मारुतीसारखी बसली. "आता काढ." काढला. आज त्यांच्या भिंतीवर तो दुसरा आहे. पहिला माझ्याकडं आहे आणि कुणाला दाखवत नाही, कारण तिनं नको म्हटलं.

नदीपलीकडची
हे बरोबर केलंत.

संभाजीनगरी
जरा गाडी दुसरीकडं नेतो. तुम्ही खिशातल्या फोननं कुरकुर करताय. मेजर रॉबर्ट गिलला 1844 साली अजिंठ्याला नेमलं, भित्तिचित्रांच्या नकला रंगवायला. जवळजवळ अर्धं आयुष्य तिथं काढलं. रंगवलेल्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढं तो फोटोही काढायचा, दोन डोळ्यांनी बघायचे जोडफोटो. जोडफोटोत खोली दिसते, म्हणजे तुमचा चढही दिसला असता! 1879 साली गेला, भुसावळला पुरलंय. त्या काळात काच ओल्या रसायनानं माखायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तिथंच तंबूत धुवायची. पंधरा मिनिटांचा खेळ. मराठवाड्याच्या एप्रिलात किती मिनिटं मिळत असतील, विचार करा.

अजून एक. ट्रायपॉड घेऊन हिंडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर त्याला वेगळी परवानगी लागते आणि अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश चालत नाही. ड्रोन तर विनापरवाना काढूच नका. देवगिरीवर एकाचा ड्रोन रखवालदारानं खाली उतरवायला लावला, माझ्यासमोर. पोरगा रडकुंडीला आला होता.

लातूरकर72
देवगिरीवर चढ फोटोत येतो का?

संभाजीनगरी
खालून अख्खा किल्ला घेतला तर येतो, कारण खालचा तासलेला कडा सरळ उभा आहे आणि शेजारी चांदमिनार उभा आहे. 60 मीटरहून उंच मनोरा किल्ल्यापुढं काडीसारखा दिसतो. पण अंधेरीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरलात की फोटो विसरा, वटवाघळं आणि मागच्याचा मोबाईल टॉर्च एवढंच येतं.

सीताफळवाला
अंबाजोगाईला जाताय तर ऑक्टोबरमध्ये जा. पाऊस संपलेला, हवा धुतलेली, लांबचं डोंगर निळं दिसतं. मे महिन्यात धुरळ्यानं पलीकडचा डोंगर असतो का नाही असं होतं. शिवाय बालाघाटचं सीताफळ तेव्हा बाजारात असतं. सीताफळाचं संशोधन केंद्रच अंबाजोगाईत आहे, माहीताय का? फोटो कसाही येवो, पिशवी रिकामी येणार नाही.

परभणीकर
ह्या धाग्यातला हा पहिला कामाचा सल्ला.

काळा_पाषाण
मी मार्गशीर्ष सांगेन. देवीचं नवरात्र असतं, गावात जाग असते आणि सूर्य खालून येतो, नऊ वाजेपर्यंत सावल्या लांब. चढावर सावली पडली की ती पायरीपायरीनं मोडते, तो मोड चढ दाखवतो. मात्र गाभाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, हे सांगायची गरज पडू नये.

मुकुंदराजांच्या समाधीकडंही जा. दरीत पायऱ्या उतरून जायचं. वरून काढू नका, खाली उतरून मागं वळून काढा. उतरताना फोटो काढणारे बहुतेक जण वळतच नाहीत.

परळीची_लेक
उतरताना काढू नये आणि काढायचाच तर उभं राहून काढावा, हे मी ढोपर फोडून शिकलेय. चालता चालता स्क्रीनमध्ये बघत होते. फोन वाचला, साडी नाही.

सोयरीक
बालाघाटी गायब झाले वाटतं.

बालाघाटी
गायब नाही, मार्गशीर्षाची वाट बघत होतो. दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, राग मानू नका.

परवाच्या रविवारी गेलो. जाळीच्या रेघा सुरू. खांबाला रेघ लावली, गल्लीला आडवं उभं राहिलो, बोळातनं काढला. फरक पडला, निम्मा चढ आला म्हणा. पलीकडच्या अंगानंही काढला, घरावर घर आलं. माळवदाच्या आजीची गोष्ट ऐकून माणसांना विचारून काढले, सगळे ताठ आले.

मग कंटाळून गल्लीच्या मधोमध एका हातगाडीवर चहा घेतला. चहावाल्यानं काचेचा ग्लास गाडीच्या फळीवर ठेवला. गाडी उतारावर, फळी कललेली, ग्लासही कललेला. पण आतला चहा सरळ! ग्लासाच्या एका बाजूला चहा काठापासून जरासा खाली, दुसऱ्या बाजूला काठाला टेकलेला. मी चहा प्यायचं सोडून बघतच राहिलो. खाली बघितलं तर गाडीच्या मागच्या चाकाला उटी लावलेली, उटी म्हणजे काळा गुळगुळीत दगड, वर्षानुवर्षं त्याच चाकाखाली राहून त्याला चाकाएवढी खाच पडलेली. खाली बसलो आणि दोन फोटो काढले, एक ग्लासाचा, एक चाकाचा आणि दगडाचा. रस्ता दोन्हींत जेमतेम चार बोटं दिसतो.

चहावाला म्हणाला, "साहेब, गाव दाखवायचं सोडून माझा दगड कामून काढू लाले?"

मेव्हण्याला चाकाचा पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बापरे, गाडी सुटली तर थेट नदीत जाईल."

अभियंता_निवृत्त
ग्लासाचा फोटो कोनमापकाला लावून बघा. चहाची कड आणि ग्लासाची कड यांच्यातला कोन म्हणजेच फळीचा कोन. गाडीचे पाय सारख्या उंचीचे असले तर तोच रस्त्याचा.

बालाघाटी
मोजला काका. सात अंश.

अभियंता_निवृत्त
मी सहा म्हणालो होतो. एक अंश तुमच्या पोटऱ्यांना दिला.

तिसरा_डोळा
चहाचा फोटो टाका की इथं, कापूबिपू नका. आणि 'आपोआप सरळ करा' दाबू नका, देवाशपथ.

काळा_पाषाण
दगडावर बोट टेकवून सूर्य खाली ओढला होता ना?

बालाघाटी
विसरलो. राखुंडी आलीय. पुढच्या रविवारी परत जातो, दगड कुठं जात नाही.

परभणीकर
सगळं ठीक. ते जेवणाचं काय? मी सायकल घेऊन यायला तयार आहे.

बालाघाटी
मागं पोतं बांधलेलं पाहिजे.

परभणीकर
येताना सीताफळवाल्याकडनं भरून घेतो.